चला, नागांच्या बेटावर!

मुलांनो, नकाशावही काढा बरं बाहेर! भारताच्या नकाशात अगदी खाली, दक्षिण टोकाच्या उजव्या बाजूला आंब्याच्या आकाराचा एक देश दिसतो. सापडला? तो श्रीलंका. आता त्या आंब्याच्या देठापाशी, म्हणजे अगदी वरच्या टोकाला बोट ठेवा. तिथं जाफना नावाचं शहर आहे. जाफन्याच्या पश्चिमेला समुद्रात लहान लहान बेटं विखुरलेली आहेत. आपल्या शाळेच्या नकाशात ती पेन्सिलीच्या टिंबाएवढीसुद्धा दिसत नाहीत. त्यांतल्याच एका टिंबावर आज आपल्याला जायचंय.

हे बेट केवढं आहे, माहीत आहे? जेमतेम सव्वाचार चौरस किलोमीटर! सकाळी न्याहारी करून चालायला लागलात, तर जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं बेट पालथं घालून याल. पण एवढ्याशा बेटावर दरवर्षी हजारो माणसं होडीतून येतात. कुणी नारळ आणि कापूर घेऊन येतं, कुणी कमळाची फुलं घेऊन येतं. हिंदू म्हणतात, हे आमच्या देवीचं ठाणं. बौद्ध म्हणतात, इथं भगवान बुद्धांची पावलं लागली.

आणि गंमत पाहा! दोघांच्याही गोष्टींमध्ये नाग आहेत. दोघांच्याही गोष्टी भांडणाच्या आहेत. भांडण कसं लागलं, याच्यापेक्षा ते कसं मिटलं, हे सांगणाऱ्या. तुमच्या-माझ्यासारख्या रोज भांडणाऱ्यांनी त्या ऐकायलाच हव्यात, नाही का? चला तर मग.

एकाच होडीत सगळे

श्रीलंकेची सर्वांत मोठी नगरी कोलंबो. तिथून जाफना आगगाडीनं सुमारे ४०० किलोमीटर. या वाटेवरच्या एका गाडीचं नाव आहे ‘याळ देवी’. ती १९५६ साली सुरू झाली. १९९० साली युद्धामुळे तिची जाफन्यापर्यंतची फेरी बंद पडली आणि थेट २०१४ साली ती पुन्हा जाफन्याला पोचली. २४ वर्षं! तुमच्या गावची एस.टी. २४ वर्षं आलीच नाही, तर काय होईल, याचा जरा विचार करून बघा. त्या युद्धाबद्दल पुढे सांगणारच आहे.

जाफन्याहून बसनं तासा-दीड तासाचा प्रवास. रस्ता चक्क पाण्यातून जातो! म्हणजे उथळ खाजणात भराव घालून बांधलेला आहे. दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी, त्यात मासे टिपणारे बगळे, हंगाम असेल तर गुलाबी रोहित पक्षी आणि मध्येच कोळ्यांनी रोवलेल्या काठ्या-जाळी. जमीन लागली की जिकडेतिकडे ताडाची झाडं. डहाणू-पालघरकडच्या मुलांना ताडगोळे ठाऊकच आहेत. पण जाफन्याकडे ताडाशिवाय पानच हलत नाही. त्याच्या पानांची कुंपणं, त्याच्या रसाचा गूळ, त्याच्या पात्यांच्या टोपल्या!

अशी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडी मारत बस कुरिकट्टुवान नावाच्या धक्क्यापाशी थांबते. इथं रस्ता संपला. पुढे होडी. वीसेक मिनिटांचा प्रवास, पण लाटा असल्या की पोटात गोळा येतो हं!

होडीत कोण कोण आहे ते पाहून घ्या. पांढरेशुभ्र कपडे घातलेलं एक कुटुंब असेल, हातात फुलांची परडी. ते सिंहली भाषा बोलणारे बौद्ध यात्रेकरू. विहारात जाताना पांढरे कपडे घालायची त्यांची रीत आहे. त्यांच्या शेजारी रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बायका असतील आणि कुणाच्या तरी मांडीवर तान्हं बाळ. ते तमिळ बोलणारे हिंदू. बाळाला देवीच्या पायांवर घालायला निघालेत. होडी हलली की सगळेच एकदम एकमेकांचा आधार धरतात. समुद्र काही कुणाला भाषा विचारत नाही.

एका बेटाची दोन नावं

तमिळ लोक या बेटाला म्हणतात नयिनातीवु. सिंहली लोक म्हणतात नागदीप. ऐकायला किती वेगळी नावं, नाही? पण जरा कान देऊन ऐका. ‘तीवु’ म्हणजे तमिळमध्ये बेट. आपला शब्द आहे ‘द्वीप’. लक्षद्वीपातला ‘द्वीप’, मालदीवमधला ‘दीव’, गुजरातच्या टोकाशी असलेल्या बेटाचं नाव ‘दीव’, नागदीपमधला ‘दीप’ आणि हा ‘तीवु’, ही सगळी एकाच घरातली भावंडं! पाली भाषेत तर ‘दीप’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक बेट आणि दुसरा दिवा. काळ्याभोर समुद्रात रात्री दूरवर दिसणारं बेट दिव्यासारखंच वाटत असेल, हो ना?

‘नागदीप’ हे नाव फार जुनं. जाफन्याजवळच्या वल्लिपुरम गावात १९३६ साली सोन्याचा एक पातळ पत्रा सापडला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. त्याच्यावर कोरलेल्या मजकुरात ‘नकदिव’ असं नाव आहे. म्हणजे त्या काळी नुसतं हे बेटच नव्हे, तर जाफन्याचा सगळा मुलूखच नागांचा म्हणून ओळखला जात असावा.

आणि मोठी माणसं काय करतात ठाऊक आहे? कोणतं नाव खरं, कोण आधी आलं, यावरून वाद घालतात! आपण मात्र आधी उतरू या आणि नीट पाहू या.

गरुड आणि नाग

धक्क्यावर उतरलं की समोरच रंगीबेरंगी गोपुर. देवळाच्या पूर्वेकडचं सर्वांत उंच गोपुर १०८ फूट आहे. देवीचं नाव नागपूषणी अम्मन. ‘अम्मन’ म्हणजे आई. ‘नागपूषणी’ म्हणजे? अगदी सोपं आहे. नाग हेच जिचं भूषण ती! आपल्या कोल्हापूर-तुळजापूरप्रमाणे या जागेलाही भाविक शक्तिपीठ मानतात. सतीच्या पायांतले पैंजण इथं पडले, अशी श्रद्धा आहे. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. १७८८ साली ते पुन्हा उभं राहिलं. आत जाताना चपला बाहेर आणि पुरुषांनी सदरासुद्धा काढून ठेवायचा. सनई-चौघड्यासारखी नादस्वरम आणि तविल ही वाद्यं पूजेला वाजू लागली, की कानठळ्या बसतात!

आता गोष्ट ऐका.

शेजारच्या एका बेटावर एक नाग राहायचा. तो रोज तोंडात कमळाचं फूल धरून समुद्र पोहून यायचा आणि देवीला ते वाहायचा. एकदा असा येत असताना आभाळातून गरुडानं त्याला पाहिलं. गरुड आणि नाग म्हणजे जन्माचे वैरी! गरुड झेपावला. नागानं जिवाच्या आकांतानं समुद्रातल्या एका खडकाला विळखा घातला. गरुड समोरच्या दुसऱ्या खडकावर दबा धरून बसला. नाग सुटेना, गरुड हटेना.

इतक्यात चोळ देशाकडचा माणिकन नावाचा एक व्यापारी होडीतून चालला होता. त्याला हे दृश्य दिसलं. नागाच्या तोंडात फूल तसंच होतं. व्यापाऱ्यानं हात जोडले आणि गरुडाला म्हणाला, “बाबा रे, हा पूजेला निघालाय. सोड याला.”

गरुड म्हणाला, “सोडतो. पण एका अटीवर. या बेटावर देवीचं सुंदर देऊळ तू बांधायचं. म्हणजे यानं नुसतं उघड्यावर फूल वाहायला नको.”

काय अट घातली पाहा! स्वतःसाठी काहीच नाही. व्यापाऱ्यानं ते कबूल केलं. मग गरुडानं समुद्रात तीन बुड्या मारल्या. आपण नागाशी जे वागलो, ते धुऊन काढायला. आणि दोघांचं वैर संपलं. नाग ज्याला वेटाळून बसला तो दगड आणि गरुड बसला तो दगड, असे दोन खडक आजही इथले लोक दाखवतात.

कधीच न संपणारं भांडं

चालून भूक लागली ना? काळजी नको. देवळाच्या अन्नछत्रात दुपारचं जेवण मिळतं. भात, आमटी, भाज्या. तुम्ही कोण, कुठले, कोणत्या धर्माचे, असं कुणी विचारत नाही. पैसेही नाहीत. या अन्नछत्राचं नाव नीट लक्षात ठेवा : ‘अमुदसुरभि’.

हे नाव कुठून आलं? तमिळ भाषेत ‘मणिमेकलै’ नावाचं एक जुनं महाकाव्य आहे. ते लिहिलं सात्तनार नावाच्या कवीनं. त्याची नायिका मणिमेकलै ही एका नर्तकीची मुलगी. एके दिवशी समुद्रदेवता तिला झोपेतच उचलून मणिपल्लवम नावाच्या बेटावर आणून ठेवते. तिथं तिला भगवान बुद्धांचं आसन दिसतं. वैशाखी पौर्णिमेला तिथल्या तळ्यातून एक भांडं वर येतं आणि तिच्या हातात पडतं. तेच अमुदसुरभि! त्यातून कितीही वाढा, ते रिकामं होत नाही. मणिमेकलै ते घेऊन गावी परतते आणि उपाशी, आजारी, अनाथ माणसांना जेवू घालत फिरते. तुरुंगातल्या कैद्यांनासुद्धा! पुढे ती बौद्ध भिक्षुणी होते.

ते मणिपल्लवम म्हणजेच हे बेट, असं काही अभ्यासक मानतात.

आता जोडून बघा. काव्य तमिळ, पण धर्मानं बौद्ध. भांडं बौद्ध भिक्षुणीचं. आणि त्याचं नाव दिलंय हिंदू देवीच्या अन्नछत्राला! कोण आधी आणि कोणाचं खरं, असा वाद घालणाऱ्यांना पंगतीला बसवून हे नाव वाचायला लावलं पाहिजे.

मामा, भाचा आणि सिंहासन

हात धुतलेत? आता किनाऱ्याकिनाऱ्यानं दहा-पंधरा मिनिटं चालत जाऊ. तो पाहा, रुपेरी घुमट चमकतोय. तो नागदीप विहाराचा स्तूप. इथं चपला काढायच्या, टोपीही काढायची. आणि एक गोष्ट सांभाळायची. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. श्रीलंकेत तो अपमान समजतात. आवारात बोधिवृक्ष आहे, दिव्यांच्या रांगा आहेत आणि फुलांचा मंद वास.

इथली गोष्ट ‘महावंस’ या ग्रंथात आहे. हा पाली भाषेतला ग्रंथ सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा.

महोदर नावाचा एक नागराजा होता आणि त्याचा भाचा चूळोदर, तोही नागराजा. आजोबांनी एक रत्नजडित सिंहासन आपल्या मुलीला, म्हणजे चूळोदराच्या आईला दिलं होतं. पुढे भाचा म्हणाला, “आईचं ते माझं.” मामा म्हणाला, “माझ्या वडिलांचं ते माझं.” आता सांगा, बरोबर कोण? मी माझ्या चौथीच्या वर्गात हे विचारलं, तेव्हा निम्मा वर्ग मामाकडे आणि निम्मा भाच्याकडे झाला. शेवटी मला फळ्यावर डस्टर आपटावं लागलं! खिडकीजवळच्या बाकावरून आमच्याकडे रोज असंच चालतं. ‘काल मी बसलो होतो’, ‘पण परवा मी बसले होते’. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, म्हणून तर भांडण मिटत नाही.

दोन्ही बाजूंचे नाग शस्त्रं घेऊन समोरासमोर उभे ठाकले. तेव्हा भगवान बुद्ध तिथं आले. बोधी मिळाल्यानंतरचं ते पाचवं वर्ष होतं, असं महावंस सांगतो. समिद्धिसुमन नावाचा देव एका झाडाची छत्री त्यांच्या डोक्यावर धरून आला होता. बुद्धांनी रणभूमीवर आधी गडद अंधार केला. कुणाला कुणी दिसेना. सगळे घाबरले. मग प्रकाश केला आणि त्यांना समजावलं. वैर करून काय मिळतं आणि काय जातं, ते सांगितलं.

मामा आणि भाचा दोघेही शरमले. त्यांनी ते सिंहासन बुद्धांनाच देऊन टाकलं. बुद्ध त्यावर बसले, पण ते घेऊन गेले नाहीत बरं का! जाताना ते सिंहासन आणि ते झाड, दोन्ही त्यांनी नागांकडेच ठेवलं. म्हणाले, याला वंदन करत जा. म्हणजे सिंहासन तिथंच राहिलं. पण आता ते मामाचंही नव्हतं आणि भाच्याचंही नव्हतं. सगळ्यांचं झालं होतं.

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. नाग-गरुडाच्या गोष्टीत कोण जिंकलं? मामा-भाच्याच्या गोष्टीत कोण जिंकलं? दोन्हीकडे कुणीच नाही. गरुडानं शिकार सोडली. मामा-भाच्यांनी सिंहासन सोडलं. आणि दोन्हीकडे तिसरं कुणीतरी मध्ये पडलं, म्हणून हे घडलं. तो व्यापारी “मला काय त्याचं” म्हणत होडी वल्हवत पुढे गेला असता, तर?

हे नाग कोण होते?

“बाई, साप कसे बोलतील आणि त्यांना सिंहासन कशाला?” असा प्रश्न तुमच्यातल्या कुणीतरी विचारणारच. चांगला प्रश्न आहे. पुष्कळ अभ्यासकांचं म्हणणं असं, की हे नाग म्हणजे सरपटणारे साप नव्हेत. नागाला पूज्य मानणारी, नाग हे आपलं चिन्ह समजणारी माणसं होती ती. भारतात आणि लंकेत ठिकठिकाणी नाग लोकांचे उल्लेख सापडतात.

आपल्या महाराष्ट्राचाही इथं एक धागा जुळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूरच का निवडलं, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार ज्यांनी केला ते नाग लोक होते आणि त्यांची वस्ती या भागात होती, असं ते म्हणाले. त्याआधी १९५० साली बाबासाहेब श्रीलंकेत कँडी इथं भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. नागपूर आणि नागदीप, दोन्ही नावांत ‘नाग’ आहे, पाहिलंत ना!

दगडावरचा हुकूम

नागपूषणी अम्मनच्या देवळात एक जुना शिलालेख आहे. तो कोरवला पराक्रमबाहू पहिला या राजानं. बाराव्या शतकात तो पोलोन्नरुव इथून राज्य करत होता. राजा सिंहली आणि बौद्ध. पण शिलालेखाची भाषा तमिळ! कारण ज्यांनी तो वाचायचा, ते व्यापारी आणि खलाशी तमिळ जाणणारे होते.

मजकूर काय आहे? परदेशी व्यापारी इथल्या बंदरात उतरले, तर त्यांना संरक्षण द्यावं. हत्ती-घोडे घेऊन येणारं जहाज फुटलं, तर चौथा हिस्सा सरकारनं घ्यावा आणि तीन हिस्से मालकाला परत द्यावेत. इतर मालाचं जहाज फुटलं, तर निम्मं सरकारचं, निम्मं मालकाचं. बुडालेल्या माणसाला अगदीच लुबाडू नये, त्याचंही काही उरावं, असा हा ८०० वर्षांहून जुना कायदा!

मुलांनो, इथं एक गणित घाला बघू. फुटलेल्या जहाजावर ४० घोडे वाचले, तर मालकाला किती परत मिळतील?

मग युद्ध का झालं?

इतक्या छान गोष्टी, असा समजूतदार शिलालेख, मग त्या आगगाडीची वाट २४ वर्षं का बंद राहिली?

श्रीलंकेत सिंहली बोलणारे लोक संख्येनं जास्त. त्यांतले बहुतेक बौद्ध. तमिळ बोलणारे कमी. त्यांतले पुष्कळ हिंदू. मुसलमान आणि ख्रिस्ती लोकही आहेत. देश १९४८ साली स्वतंत्र झाला. १९५६ साली कायदा झाला, की सरकारी भाषा एकच, सिंहली. तमिळ लोकांना वाटलं, आपल्याच घरात आपल्या भाषेला जागा उरली नाही. आज आपल्या शाळेत कुणी म्हणालं, की उद्यापासून तुमची भाषा चालणार नाही, अर्ज त्या भाषेत करायचे आणि नोकऱ्याही त्याच भाषेत, तर तुम्हाला कसं वाटेल? राग साठत गेला. दंगली झाल्या. १९८१ साली जाफन्याचं मोठं ग्रंथालय जाळलं गेलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि जुनी हस्तलिखितं जळाली. १९८७ साली तमिळलाही राजभाषा म्हणून मान मिळाला खरा, पण तोवर युद्ध पेटलेलं होतं. १९८३ पासून २००९ पर्यंत ते चाललं. दोन्हीकडची हजारो माणसं गेली. त्यात तुमच्या वयाची मुलंही होती.

ज्यांना लहानपणी आजीनं मामा-भाच्याची गोष्ट सांगितली, ते लढले. ज्यांना नाग-गरुडाची गोष्ट ठाऊक होती, तेही लढले. म्हणजे गोष्ट माहीत असणं वेगळं आणि तिच्यासारखं वागणं वेगळं. हे सांगताना मलाही वाईट वाटतं. पण बेटाच्या सुंदर गोष्टी सांगून ही गोष्ट गाळली, तर ते खोटं होईल.

युद्ध संपल्यावर दक्षिणेकडचे बौद्ध यात्रेकरू पुन्हा मोठ्या संख्येनं येऊ लागले. जाफन्याचं ग्रंथालय २००३ सालीच परत उघडलं होतं. बेटावर दरवर्षी जून-जुलैत अम्मनची मोठी यात्रा भरते, रथ निघतो. सगळं विसरलं गेलंय का? नाही. एवढी मोठी जखम इतक्या लवकर भरत नाही. पण होडी पुन्हा भरून जाते आहे आणि तिच्यात दोन्ही भाषा ऐकू येत आहेत.

गोड्या पाण्याचं गुपित

परतीची होडी यायला अजून वेळ आहे. तोवर सांगा, चहूकडे खारं पाणी असताना बेटावरची माणसं पितात काय?

या भागात नद्या नाहीत. जमीन चुनखडीची. पावसाचं पाणी तिच्यातून झिरपतं आणि खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर थर होऊन तरंगत राहतं. कारण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. विहीर खणली की आधी हा गोड्या पाण्याचा थर लागतो. पण हावरटपणानं भराभर उपसा केला, की थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर येतं. मग विहीर मचूळ होते. एकानं जास्त उपसलं, तर शेजाऱ्याची विहीरही बिघडते. कारण वरून विहिरी वेगळ्या दिसल्या, तरी खालचं पाणी एकच असतं.

घरी करून पाहा : एका काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा आणि हळदीचं किंवा शाईचं एक बोट बुडवून रंग द्या. आता पाण्याच्या पृष्ठभागावर चमचा आडवा धरून, त्याच्यावरून साधं पाणी अगदी हळूहळू सोडा. दोन थर दिसले? आता एकदा जोरात ओतून पाहा. काय झालं?

आईबाबांसाठी दोन शब्द

श्रीलंकेला जाणं सगळ्यांना जमणार नाही, हे मला कळतं. पण आपल्या मुंबईजवळचं घारापुरी तर जवळ आहे! तिथल्या शिवाच्या लेण्यांसाठी सगळे जातात. पण त्याच बेटावर जुन्या बौद्ध स्तूपाचेही अवशेष आहेत, हे मुलांना मुद्दाम सांगा. मुलांनी दुसऱ्या धर्माच्या जागेत पाऊल ठेवलं, तिथली रीत पाळली, तिथला प्रसाद खाल्ला, तर त्यांचं स्वतःचं काही कमी होत नाही. आणि ‘ते लोक’ हा शब्द घरात जपून वापरा. मुलं तोच शब्द उचलून शाळेत आणतात.

आणि मुलांनो, तुम्ही काय कराल? आपल्या गावात किंवा तालुक्यात अशी एखादी जागा आहे का, जिथं दोन वेगवेगळ्या धर्मांची माणसं येतात? आजी-आजोबांना विचारा. तिथं जा, तिची गोष्ट ऐका आणि वहीत लिहून काढा. एकाच जागेच्या दोन गोष्टी सांगितल्या गेल्या, तर दोन्ही लिहा. एक खोडायची नाही!

अरे हो, घोड्यांचं उत्तर राहिलं. ३०. आलं ना बरोबर? चला, होडी आली.